साधा आहे हो आमचा

"ही इज अ सिंपल मॅन," सर म्हणाले. "व्हेरी, व्हेरी सिंपल."

समोर डेव्ह बसला होता, नोकरी द्यायची ती त्याच्या हातात. त्याच्या हातातला काटा मध्येच थांबला. त्यानं सरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चेहऱ्यावर एकदम माया आली, आजारी लेकराकडे बघताना येते तशी. मग तो माझ्याकडे थोडा वाकला आणि एकेक शब्द सुटा करत, जरा मोठ्यानं बोलला.

"डू. यू. लाइक. द. फूड?"

मी येस म्हणालो.

"दॅट्स गुड," तो म्हणाला. पाठ थोपटायची तेवढी बाकी होती.

सर खूश. पाण्याचा घोट घेऊन त्यांनी मला डोळ्यांनीच सांगितलं, जमतंय. मी पन्नाशी ओलांडलेला माणूस. अंगात इंटरव्ह्यूचा कोट. मांडीवर फोल्डर, त्यात माझा रेझ्युमे, माझ्या कामाचे फोटो. अमेरिकेत, ट्रॉयमधल्या त्या हॉटेलात तासभर बसलो, फोल्डर कोणी उघडायला सांगितलं नाही. डेव्हला माझ्याबद्दल जे विचारायचं होतं ते तो सरांना विचारत होता. याला ड्रॉइंग वाचता येतं का? सर म्हणाले, हो हो, सांगाल ते करतो. कुणाशी भांडत वगैरे नाही ना? छे, तोंड वर करून बोलत नाही कधी. मी दोघांच्या मध्ये बसून हसत होतो. गालफडं दुखायला लागली तरी हसत होतो.

मला ती नोकरी हवी होती. किती हवी होती ते सांगतो.

मी प्रेस टूल डिझाइन करतो. गाडीचा दरवाजा, बॉनेट, छप्पर, सगळं पत्रा दाबून बनतं. ज्या साच्यात तो दाबतात, तो साचा आधी माझ्यासारखा माणूस बसून डिझाइन करतो. आयुष्यभर हेच केलं. आधी पुण्यात, मग ट्रॉयला. २००७ साली आमच्या कंपनीच्या ऑर्डरी आटल्या आणि आमचा अख्खा ग्रुप एका खोलीत बोलावून सांगितलं, दोन महिन्यांनी काम बंद. माझ्या शेजारच्या टेबलावरचा गॅरी रडला. दुसऱ्या दिवशी तो बोट घेऊन मासे पकडायला गेला. मला तशी सोय नव्हती. गॅरीची नोकरी जाणार होती. माझा देश जाणार होता.

माझा व्हिसा कंपनीच्या नावावर. शेवटच्या दिवसाच्या आत दुसऱ्या कंपनीनं व्हिसाचे कागद केले नाहीत, तर बिऱ्हाड गुंडाळून निघायचं. ग्रीन कार्डाची वर्षानुवर्षं लावलेली रांगही सुटणार. बायको, सुनंदा, माझ्याच व्हिसावर. तिला कामाची परवानगी नाही. मुलगी, आरती, पहिलीत असताना आणलेली, आता हायस्कूलच्या तिसऱ्या वर्षाला, म्हणजे आपल्याकडची अकरावी. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत देते. तिला उचलून पुण्याच्या कॉलेजात कुठल्या बाकावर बसवणार होतो मी? 

दिसेल तिथे अर्ज टाकले. एकानंही उत्तर दिलं नाही. गॅरी म्हणाला, वेडा आहेस, या धंद्यात पन्नाशीनंतर अर्जानं नोकरी मिळत नाही, फोनवर मिळते. "हू डू यू नो?" त्यानं विचारलं. त्याच्याकडे मेहुणा होता, चर्चमधली मंडळी होती, बोलिंगचा ग्रुप होता, शाळासोबती होते. त्याच फोनांवर त्याला महिन्याभरात नोकरी लागली. मी माझा फोन काढून बघितला. धंद्यातलं वजनदार नाव एकच. सर.

आपल्यात याला ओळख म्हणतात. ओळख काढ. ओळख लाव. ओळखीनं होऊन जाईल. जन्मभर ऐकत आलो. माझ्या बापाला कोणी विचारलं असतं, तुझी ओळख कोणाशी, तर तो म्हणाला असता, मुकादमाशी. आमची सगळ्यांची एवढीच पोच. तुमचे मामा बँकेत, आत्या बोर्डात, शेजारी मंत्रालयात. तुम्हाला ओळखी काढाव्या लागत नाहीत, जन्मतःच चिकटून येतात. माझ्या पिढीत पहिली ओळख मी मिळवली, आणि ती मिळवायला काय दिलं ते आता सांगतो.

सर पुण्याच्या कारखान्यात माझे मॅनेजर होते. मी डिप्लोमा करून लागलो तेव्हा त्यांनी मला सगळ्या डिपार्टमेंटला फिरवलं आणि प्रत्येक टेबलापाशी एकच वाक्य बोलले. "साधा आहे हो आमचा." मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? साहेबानं आमचा म्हटलं, यानंच छाती फुगली. नोकरी करत संध्याकाळच्या वर्गाला जाऊन इंजिनिअर झालो, तेव्हा सरांनी पेढा खाल्ला आणि सगळ्यांना सांगितलं, इंजिनिअर झाला तरी साधाच राहिला बरं का. पुढे ते अमेरिकेत आले, आणि काही वर्षांनी त्यांना कामाला खात्रीचा माणूस हवा होता तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतलं. ट्रॉयमध्ये गोरी पोरं त्यांना विन म्हणून हाक मारायची. विनायकचं विन. त्यांच्या हाताखालचा काल लागलेला पोरगाही "हे विन" म्हणायचा. मी सर म्हणायचो. त्यांची कंपनी सोडून दुसरीकडे लागलो तरी सरच म्हणत राहिलो, आणि त्यांनी एकदाही नको म्हटलं नाही.

तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला स्पीकर उचलायला मी. त्यांच्या सासूबाईंना विमानतळावरून आणायला मी. ते भारतात गेले की त्यांच्या दारातला बर्फ ओढायला मी. कोणी सांगायचं नाही, गृहीतच असायचं. "तू आहेस ना," एवढं म्हणायचे. सुनंदा एकदा म्हणाली, "ते तुम्हाला वाढायला बोलावतात, जेवायला नाही." मी तिच्यावर चिडलो. खरं बोलली होती म्हणून चिडलो.

तर त्या दिवशी जेवण झालं, डेव्ह गेला. पार्किंगमध्ये सर गाडीला टेकून उभे राहिले. झालं तुझं काम, म्हणाले, डेव्ह माझ्या शब्दाबाहेर नाही. मी आभार मानले. मग राहवलं नाही.

"सर, सिंपल का म्हणालात?"

"अरे, कौतुक केलं तुझं," ते म्हणाले. त्यांना खरंच नवल वाटलं होतं. "साधा माणूस म्हटलं. त्यात काय?"

घरी गेलो. आरती सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसली होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, एखाद्याबद्दल ही इज सिंपल म्हटलं तर इथे काय समजतात? तिनं मान वर न करता सांगितलं, "इट मीन्स ही इज स्लो, बाबा. लाइक, नॉट ऑल देअर." डोक्यानं अधू, असं. मग तिनं मान वर केली. "हू सेड दॅट?"

कोणी नाही म्हटलं.

"वॉज इट विनायककाका?"

मी आत जाऊन टाय सोडला. ती दारापर्यंत आली आणि परत गेली. पोरीला सगळं कळलं होतं. मला पोरीदेखत लाज वाटली, एवढी लाज मला डेव्हसमोर वाटली नव्हती.

त्या दिवसापासून तो शब्द माझ्या डोक्यातून जाईना. साधा डोसा. साधं वरण. साधी साडी. म्हणजे ज्याच्यात काही घातलेलं नाही ते. माणसाला साधा म्हणतात तेव्हा काय घातलेलं नसतं? मी आठवून बघितलं. सरांच्या घरी येणारी मंडळी एकमेकांना काय म्हणायची? हा हुशार. तो कडक. ती फार शार्प. एकजात एकमेकांची डोकी जोखायची. साधा हा शब्द त्यांच्यातल्या कुणाबद्दल मी एकदाच ऐकला, तोही एका गृहस्थांच्या शोकसभेत. फार साधे होते हो. त्यांच्यातल्या माणसाला साधं व्हायला मरावं लागतं. आम्ही जन्मापासून साधे.

शाळेतही तेच. मी महारवाड्यातला. आम्ही बौद्ध झालो, वस्तीचं भीमनगर झालं, मास्तरांच्या तोंडात जुनंच राहिलं. मी गणितात पहिला आलो तेव्हा मास्तर वर्गाला म्हणाले, बघा किती साधा मुलगा आहे, मान वर करत नाही. दुसऱ्या नंबरच्या मुलाला म्हणाले, हुशार आहेस, घोटाळा कसा केलास? मी ते वाक्य घरी आईला कौतुकानं सांगितलं होतं. आईनं माझी दृष्ट काढली होती.

आता बावन्नाव्या वर्षी, परक्या देशात, परक्या भाषेत ऐकल्यावर तो शब्द मला कळला. सरांचं इंग्रजी चुकलं असं मला आधी वाटलं होतं. चुकलं नव्हतं. मराठीत त्यावर साखर होती, इंग्रजीत ती विरघळली. डेव्हला बरोबर तेच ऐकू आलं जे सर पंचवीस वर्षं म्हणत होते. याला डोकं नाही, पण त्रास नाही. ठेवून घ्या.

राग आला. पण रागाचं करायचं काय? दिवस चालले होते. सुनंदानं न सांगता सामान आणणं कमी केलं होतं. आरती कॉलेजांची माहितीपत्रकं माझ्यासमोरून उचलून तिच्या खोलीत ठेवायची. मी रात्री छताकडे बघत सरांना मनातल्या मनात सुनावायचो आणि सकाळी फोन वाजला की पहिल्या रिंगला उचलायचो. मला माझीच किळस यायची.

एका शुक्रवारी फोन आला. सर म्हणाले, उद्या घरी ये, सुनंदाला आणि मुलीला घेऊन ये, मंडळाची चार माणसं आहेत, जेवायलाच या. तुझं पक्कं झालंय.

गेलो. सुनंदा चांगली साडी नेसली. दारात पाऊल ठेवल्याबरोबर वहिनींनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, तिला स्वयंपाकघरात नेलं, जरा पुऱ्या लाटायला हात लावतेस का म्हणून. बाकीच्या बायका बाहेर बसल्या होत्या. आरती मुलांबरोबर बेसमेंटमध्ये गेली. सरांनी मला सोफ्यावर बसवलं, हातात कोल्ड्रिंक दिलं आणि नोकरी समजावून सांगितली.

डेव्हकडे दोन जागा होत्या. एक सीनियर डिझाइनरची, माझ्याच कामाची. ती त्यानं सरांनी सुचवलेल्या दुसऱ्या मुलाला दिली होती, बत्तीस-तेहतिसाचा. तोही तिथेच बसला होता, लाजून खाली बघत. पोरगा वाईट नव्हता. दुसरी जागा माझी. मी करायचं होतं त्याच्या ड्रॉइंगांच्या प्रती काढणं, फायली लावणं, तो सांगेल त्या दुरुस्त्या. तेही डेव्हच्या कंपनीत नाही. सरांनी स्वतःची एक छोटी कन्सल्टिंग कंपनी काढली होती, तिच्या नावावर. म्हणजे व्हिसा सरांच्या हातात. ते म्हणतील तोवर मी या देशात. ते म्हणतील त्या दिवशी बाहेर.

"तुला काय," सर म्हणाले. "तुझं भागेल."

मी हो म्हणालो होतो. हे लपवत नाही. तोंडातून हो गेलं होतं. स्वयंपाकघरातून लाटण्याचा आवाज येत होता, तो सुनंदाचा होता हे मला माहीत होतं. हो म्हणून मी ग्लास खाली ठेवला. सगळ्यांना हायसं वाटलं. कोणीतरी म्हणालं, सर, तुम्ही माणसं सांभाळता बुवा. आणि सर मागे रेलून म्हणाले,

"साधा आहे हो आमचा. नाहीतर ह्यांच्यातली माणसं चार बुकं शिकली की..."

तिथे थांबले. ह्यांच्यातली. खोलीत सगळ्यांनी ऐकलं. एकानं लगेच प्लेटमधला बटाटेवडा उचलला, एकानं टीव्हीकडे मान वळवली. सर माझ्याकडे बघून हसले. मीही हसावं म्हणून थांबले. पंचवीस वर्षं अशा जागी मी हसलो होतो. माझं हसू आलं की विषय बदलायचा, तशी रीतच होती.

या वेळी मी हसलो नाही. एवढंच आधी झालं. ठरवून काही केलं नाही, चेहऱ्यानं नकार दिला.

"शिकली की काय, सर?" मी विचारलं.

"अरे, जाऊ दे. तुला नाही म्हटलं."

"मलाच म्हटलंत. मी त्यांच्यातलाच आहे. वाक्य पुरं करा."

ते गंभीर झाले. घरी बोलावून, चार लोकांत, मी असं बोलावं याचं त्यांना खरंच वाईट वाटलं. त्याचाच राग मला जास्त आला, त्यांच्या त्या दुखावल्या चेहऱ्याचा. मी म्हणालो, "मी साधा नाही. मी तुम्हाला घाबरत होतो. तुम्ही त्याला साधेपणा म्हणत होता. ही नोकरी मला नको."

"व्हिसाचं काय करणार आहेस?" त्यांनी अगदी हळू विचारलं. "जरा पोरीचा विचार कर. या धंद्यात इथे सगळे एकमेकांना ओळखतात."

पोरीचाच विचार करत होतो. बेसमेंटच्या जिन्याच्या वरच्या पायरीवर ती उभी होती, तिनं किती ऐकलं मला माहीत नाही. मी स्वयंपाकघरात गेलो. सुनंदाच्या हाताला कणीक होती. मी म्हणालो, चल. तिनं काय झालं असं विचारलं नाही. अर्धी लाटलेली पुरी पोळपाटावर ठेवली, हात धुतले, नीट पुसले आणि आली.

गाडी निघाली. सिग्नलला थांबलो तेव्हा मागून आरतीचा आवाज आला.

"सो, वुई आर लीव्हिंग?"

"कदाचित," मी म्हणालो.

ती रडायला लागली. आवाज न करता, खिडकीकडे तोंड करून. तिनं शाब्बास बाबा वगैरे म्हटलं नाही. तिनं का म्हणावं? मैत्रिणी तिच्या जाणार होत्या, शाळा तिची जाणार होती. मान माझा राहिला होता. सुनंदानं मागे हात करून तिचा गुडघा धरून ठेवला. मला भीती वाटत होती. पण परत फिरावंसं वाटलं नाही, हेही खरं.

सोमवारी सकाळी मी डेव्हला फोन केला. त्या फोननं मला नोकरी मिळाली नाही, हे आधीच सांगून टाकतो. ट्रॉयमध्ये कोणीच दिली नाही. शेवटचा दिवस आला आणि गेला, आम्ही पुण्याला परत आलो. आरतीनं ते वर्ष कसं काढलं ते तिचं तिला माहीत, ती मला अजून पूर्ण माफ करत नाही आणि मी तिला ते मागतही नाही. लोक म्हणतात, थोडं गिळलं असतं तर काय बिघडलं असतं? ज्यांना कधी गिळावं लागलं नाही तेच बहुतेक असं म्हणतात.

तर फोन. मी डेव्हला माझं नाव सांगितलं. त्याला आठवलं, कारण तो पुन्हा सावकाश आणि मोठ्यानं बोलायला लागला. मी म्हणालो, इतकं सावकाश बोलू नका, मला इंग्रजी कळतं. त्या दिवशी माझ्याबद्दल जे सांगितलं ते चूक होतं. माझा फोल्डर तुम्ही उघडला नाहीत. मला माझ्या कामाची जागा हवी आहे, मी येतो, तासभर माझ्याशी बोला, नको वाटलो तर नाही म्हणा.

तो गडबडला. माणूस सभ्य होता. "लेट मी टॉक टू विन," तो म्हणाला.

"नो," मी म्हणालो. "टॉक टू मी."

पलीकडे काही आवाज येईना. श्वास ऐकू येत होता, म्हणजे फोन चालू होता. पूर्वीचा मी असतो तर म्हणालो असतो, सॉरी, हरकत नाही, सवडीनं बघा, थँक्यू, आणि घाईनं फोन ठेवला असता. त्या शांततेत असं काहीतरी भरायची सवय माझ्या जिभेला होती. मी काही भरलं नाही. माझ्याबद्दल विचारायचं तर मलाच विचारावं लागेल, आणि नाही म्हणायचं तर मलाच म्हणावं लागेल, सरांच्या तोंडून नाही. तो बोलेपर्यंत मी गप्प राहणार होतो. फोन त्याला ठेवायचा असेल तर त्यानं ठेवावा. मी ठेवणार नव्हतो.